कोसा नेसलेला कॅमेरा

भंडारा जिल्ह्यात वस्तू विकत घेणारी माणसं पुष्कळ आहेत, पण वस्तू पसंत करणारा माणूस एकच होऊन गेला आणि तो नेमका माझ्या नात्यात निघाला. आमच्या सौभाग्यवतींचे हे मामा, म्हणजे माझे मामेसासरे. लाखनीला हमरस्त्यापासून दोन गल्ल्या आत त्यांचं घर. साधा झाडू घ्यायचा असला तरी ते आधी दुकानदाराचंच अंगण झाडून बघत. टॉर्च घ्यायला गेले की भर दुपारी दुकानाचं शटर खाली ओढायला लावत आणि आतल्या अंधारात गिऱ्हाईक, दुकानदार आणि नोकर अशी वरात इकडून तिकडे फिरत असे. मी भाचजावई म्हणून या घरात आलो तेव्हा मलाही त्यांनी असंच पारखलं असणार. उजेडासमोर धरून बघितलं नाही, एवढीच माझी पुण्याई.

नोकरी पाटबंधारे खात्यात. तलावाच्या गेटापाशी पाण्याची उंची दाखवणारी रंगवलेली पट्टी असते, ती मामा पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, सायकलवरून पाय न टेकता वाचत. "आमचा डोळा म्हंजे सरकारी माप," असं ते म्हणत आणि त्यांचे साहेबही ते मुकाट मानत. पुढे जिल्ह्याचे दोन झाले, निम्मे सोबती गोंदियाच्या वाट्याला गेले आणि काही वर्षांत मामा निवृत्त झाले. रिकाम्या बसलेल्या डोळ्याला काहीतरी काम द्यावं म्हणून त्यांनी कॅमेरा घ्यायचं ठरवलं. त्याच सुमारास सारं जग रोलचे कॅमेरे माळ्यावर टाकून नवे, बिनरोलचे कॅमेरे घेत होतं. मामांनी मुहूर्त काढला तो रोलचा कॅमेरा घेण्याचा.

तोही साधासुधा नव्हे. फोटो स्टुडिओत असतो तसला आतून आरसा असलेला कॅमेरा त्यांनी पहिल्याच फेरीत बाद केला. "त्याच्यात का होते जवाईबापू, बटन दाबलं का आरसा वरतं उठते अन् डोळ्यापुढं अंधार! ज्या घडीचा फोटो काढाचा तेच घडी दिसत नाई. मंग देवानं डोळे कायले देले?" त्यांना हवा होता जुना रेंजफाइंडर. त्यात भिंगाच्या बाजूला एक वेगळी इवलीशी खिडकी असते. तिच्यातून पाहिलं की मधल्या पिवळसर चौकटीत समोरच्या माणसाच्या दोन आकृत्या दिसतात आणि भिंगाचं कडं फिरवत फिरवत त्या एकावर एक आणल्या की फोकस लागला. बटण दाबतानाही माणूस डोळ्यासमोरून हलत नाही. शिवाय आवाज जवळजवळ नाहीच.

मग नागपूरच्या रविवारच्या जुन्या बाजाराच्या वाऱ्या सुरू झाल्या. मामा कॅमेरा कानाला लावून शटरची कुरकुर ऐकत. शेवटी एक दुकानदार वैतागून म्हणाला, "काका, कॅमेरा लेना है कि नाडी देखना है?" दोन आकृत्या नीट जुळतात की नाही हे बघायला मामा विजेच्या तारेवरचा कावळा धरत. कावळा उडाला की दुसरा कावळा येऊन बसेपर्यंत दुकानदारानं थांबायचं. अशा कित्येक कावळ्यांनंतर एक जपानी कॅमेरा पसंत पडला. तो घरी आला त्या दिवशी मामींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाल्या, "मले पाहाले आले होते तवा चहा थंडा व्हाच्या आंधीच हो म्हनलं यायनं. अन् या डब्याले दोन साल लागले."

आता कॅमेरा घेतला म्हटल्यावर माणूस फोटो काढील, असं तुम्हाला वाटत असेल. मामांनी त्याला सजवायला घेतलं. पट्टा विणून घेतला तो तलावावर मासे धरणाऱ्या एका जुन्या मित्राकडून, जाळ्याच्या सुताचा. मित्रानं सवयीनं गाठीही जाळ्याच्याच मारल्या आणि त्यात मामांच्या शर्टाची बटणं अडकू लागली. पट्ट्याला बांधलं पोळ्याच्या बैलाचं एक घुंगरू. मी म्हटलं, "मामा, आवाज करत नाही म्हणून तर हा कॅमेरा घेतला ना?" ते म्हणाले, "हो ना. पन फोटो काढून राहिलो हे लोकायले कसं समजनार?"

कॅमेऱ्याच्या अंगावरचं काळं कातडं जागोजागी उचकटलं होतं. चामडं, रेक्झिन, रबर असं सगळं लावून झालं, पण मामांच्या बोटांना काही रुचेना. एके दिवशी कॅमेरा सोनेरी, खरबरीत कोशाचं रेशमी कापड अंगभर लेवून आला. मलाही तो फार देखणा वाटला आणि मी तसं बोलूनही गेलो. पुढच्याच लग्नसराईत मामींनी पेटीतून आपली कोशाची साडी काढली, तर पदराच्या कोपऱ्यात एक चौकोनी खिडकी. मामा म्हणाले, "तुयं लुगडं पेटीत पडून होतं. आता चार लोकात मिरवते." मामींनी आठवडाभर दोन्ही वेळा लाखोळीच्या स्वस्त डाळीचं वरण केलं आणि मी मध्येच मुक्कामाला गेल्यामुळे ते मलाही खावं लागलं.

फोटो मात्र सुरुवातीला झकास निघाले. एका लग्नातला अख्खा रोल तेवढा कोरा आला, कारण खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं, त्यामुळे भिंगावरचं झाकण तसंच राहिलं तरी बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. नवरीचे वडील घरी येऊन बसले. मामांनी त्यांना झाकण काढून दाखवलं आणि म्हणाले, "मजबूत आहे. जराकबी उजेड आत जाऊ देला नाई." त्या गृहस्थांनी पुढे आमच्याकडचं बोलावणं कधी घेतलं नाही.

मग हळूहळू फोटो बिघडायला लागले. नाक-डोळे विरघळल्यासारखे यायचे. एका साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, फोटोत नवरा कोण आणि त्याचा भाऊ कोण यावर दोन्ही घरांत एकमत होईना. चौकटीतल्या दोन आकृत्या एकमेकींना भेटायलाच तयार नाहीत, अशी मामांची तक्रार होती. "जिल्हा फुटला तवापासून कोनतीच गोष्ट एक होऊन नाई राहिली," असं म्हणून ते पुन्हा कॅमेऱ्याच्या मागे लागले. खिडकीवर घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडचं भिंग चिकटवलं. डोळ्याभोवती उजेड नको म्हणून छत्रीच्या काळ्या कापडाची झालर लावली. रोज संध्याकाळी हमरस्त्यावर बसून येणाऱ्या ट्रकांच्या नंबरावर खिडकी तपासू लागले आणि आजकालचे पेंटर नंबर फाटके लिहितात असा निकाल दिला. नागपूरच्या कारागिरानं सारा कॅमेरा उघडून पाहिला आणि यात काहीच खोट नाही म्हणाला. मामांनी त्याच दिवशी कारागीर बदलला.

शेवटी ते भंडाऱ्याला पितळेची भांडी घडवणाऱ्या एकाकडे गेले आणि भिंगाच्या कड्यावर बसेल अशी पितळी पट्टी करून आणली. तिला कानशीनं घासून चार खाचा पाडल्या होत्या. हवी ती खाच बोटाखाली आली की तेवढ्या अंतरावरचा फोकस लागला, डोळ्याला विचारायचं कामच नाही. पहिली खाच घरच्या माणसाची, अगदी हाताच्या अंतरावर. दुसरी पाहुण्याची, तिसरी साहेबाची आणि चौथी तलावाची. साहेबाच्या फार जवळ जाऊ नये हे ते नोकरीतच शिकले होते. मी कायम दुसऱ्या खाचेवर. एकदा चहाचा कप घेऊन मी नकळत पुढे सरकलो तर लगेच हाक आली, "मांगं व्हा जवाईबापू, तुमी पाहुने आहा." लग्नाला इतकी वर्षं होऊनही मी पाहुणाच होतो. खरं सांगायचं तर मला ते लागलं होतं.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि घरं पाहुण्यांनी भरतात. तसाच मी गेलो होतो. मामी अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. मामांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. "पाहा, तुमीच पाहा. दोन माम्या दिसते का नाई?" मी छत्रीची झालर बाजूला करून डोळा लावला आणि कडं फिरवलं. दोन माम्या होत्या खऱ्या, पण त्या सरकत सरकत आल्या आणि नाकातल्या खड्यासकट एक झाल्या.

"मामा, एकच दिसतात की."

"नीट पाहा."

"नीटच पाहतोय. अगदी एक होतात."

मामी सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "मी कवाची सांगून राहिली. चहा बशीत नाई पडत, भुईवर पडते. तो बी कॅमेऱ्यानंच सांडवला का?"

मामा खाटेवर बसले. मग मला कळलं की आम्हा सगळ्यांना ज्याचं हसू येत होतं ते सगळं मामा भीतीपोटी करत होते. त्यांच्या वडिलांचा असाच मोतीबिंदू फार जुन्या काळी काढला होता आणि त्या डोळ्याला पुन्हा कधी दिसलं नाही. "बाबाले बी सांगतलं होतं, पट्टी सोडली का दिसन म्हनून," मामा म्हणाले. "मी जिंदगीभर डोळ्याचीच भाकर खाल्ली, जवाईबापू. तोच गेला तं मी कोन?"

मार्ग काढला तो मामींनी. "जबरदस्ती नाई," त्या म्हणाल्या. "तुमीच डॉक्टर पसंत करा."

झालं! मामांच्या अंगात पुन्हा जीव आला. आम्ही डॉक्टर बघायला निघालो. एकाला स्वतःलाच जाड भिंगाचा चष्मा होता, म्हणून बाद. एकाच्या दवाखान्याची पाटी तिरपी, म्हणून बाद. एक फार भरभर बोलत होता. शेवटी भंडाऱ्याला एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. मामांनी डोळा दाखवायच्या आधी त्यांना कॅमेराच दाखवला. बाईंनी त्यातून पाहिलं, कोशावरून हलकेच बोट फिरवलं आणि परत देताना खाली ठेवलेलं झाकण आठवणीनं भिंगावर बसवून दिलं. मामा बाहेर येऊन मला म्हणाले, "हेच बाई. जे झाकन इसरत नाई ते डोळ्यात काई इसरनार नाई."

ऑपरेशनच्या दिवशी आत जाताना त्यांनी कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. दार बंद झालं. मी आणि मामी बाकावर बसलो होतो आणि मी जरा हललो की घुंगरू वाजायचं. मामी म्हणाल्या, "धरून ठेवा ना त्याले." मी ते मुठीत धरून ठेवलं. त्या बाकावर आम्ही दोघंही फार घाबरलो होतो.

पट्टी सुटली आणि दिसलं. काही आठवड्यांनी थेंबांच्या बाटल्या संपल्या तेव्हा मी लाखनीला गेलो. मामा तेच अंगण, तेच सूप आणि त्याच मामी यांच्यासमोर कॅमेरा घेऊन बसले होते. त्यांनी खिडकीला डोळा लावला, कडं फिरवलं, थांबले. मग त्यांनी कॅमेरा खाली घेतला आणि नुसत्या डोळ्यांनी मामींकडे पाहत राहिले.

"तू एवढी बुढी कवा झाली व?"

मामींनी तांदळातला खडा वेचून बाजूला टाकला. "तुमी कॅमेऱ्याले माहा कोसा नेसवत होते ना, तवा."

मामांना हसता आलं नाही. त्यांनी कॅमेरा पुन्हा उचलला. त्यांचं बोट पितळी पट्टीवरून सरकलं आणि ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "जवाईबापू, उभे काहून? बसा तिच्या बाजूले. या, पयल्या खाचेवर." मी जाऊन बसलो. घुंगरू वाजलं.

आता मामा नाहीत. कॅमेरा आमच्या कपाटात आहे, त्याचा कोसा कोपऱ्यांना विरला आहे आणि रोल तर कुठे मिळतच नाही. तो फोटो तेवढा भिंतीवर आहे. मामींचा नाकातला खडा त्यात स्पष्ट दिसतो आणि माझा चेहरा रडवेला आला आहे. येणारे-जाणारे विचारतात, यात मामा का नाहीत? मी म्हणतो, आहेत ना. आम्ही दोघं त्यांच्याकडेच तर पाहतोय.