सोडून दिलेल्या बारीक तारा

नाटक सुटलं की प्रेक्षक बाहेर पडायचे, आम्ही रंग पुसायला बसायचो आणि अर्जुना दारात उभा राहून विचारायचा, "शेवटच्या रांगेत ऐकू गेलं असंल न्हवं?"

शेवटच्या रांगेत दीड तास तोच बसलेला असायचा. आम्हाला रंगमंचावरून काय कळणार? तरी आम्ही "गेलं रे बाबा, गेलं" म्हणायचो. तेवढं ऐकल्याशिवाय तो वायरी गुंडाळायला घेत नसे.

अर्जुना कराडकडचा. आमच्या नाटक मंडळीबरोबर लाउडस्पीकर घेऊन तो उभा सातारा जिल्हा हिंडला. गावच्या जत्रा झाल्या, पाचगणीच्या शाळांची संमेलनं झाली, आणि मग खाली सांगलीपर्यंत मजल गेली. मंडळी मोडली तेव्हा आम्ही तिकडंच स्थिरावलो. अर्जुनानं सांगलीच्या विश्रामबागेत स्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान टाकलं. वायरीचा तुकडा त्यानं आयुष्यात कधी फेकला नाही. दातानं सोलायचा, पीळ द्यायचा, वरून काळी टेप गुंडाळायचा. एकदा मी म्हटलं, "अर्जुना, हे सुटेल हां ऐन वेळी." तर म्हणाला, "मनुबाई, वायर तुटंल, माझा जोड सुटायचा न्हाई." आणि खरंच कधी सुटला नाही.

अठ्ठ्याण्णव साली हिवाळ्यात आम्हा जुन्या माणसांचं एक नाटक पुन्हा करायचं ठरलं. शंभूराज नावाचा हौशी, गुणी पोरगा ते बसवत होता. त्यात पलटणीतून परत आलेल्या सुभेदाराचं काम मानसिंगरावांचं. त्यांच्या घरातले तिघं फौजेत होते, त्यामुळे ते सुभेदार झाले की चालणंही उसनं आणावं लागत नसे. मी त्यांची बायको. तिसऱ्या अंकात मी प्रेक्षकांकडे तोंड करून दिवा लावत असते आणि मागून ते येतात. प्रवेश घेण्याआधी मानसिंगराव विंगेत हळूच खाकरायचे. ते खाकरणं प्रेक्षकांना ऐकू जात नसे, मला मात्र जाई. माणूस आला आहे, आता वळायला हरकत नाही, एवढं त्यातून कळायचं. वर्षानुवर्षं मी त्याच खुणेवर वळले.

पण मधल्या काळात मानसिंगरावांचे कान गेले. कानात घालायचं यंत्र अर्जुनाच्या माइकजवळ आलं की शिट्टी मारायचं, म्हणून ते त्यांनी घालणंच सोडलं. पहिल्या तालमीत ते तीन ठिकाणी अडले. प्रॉम्प्टरनं विंगेतून वाक्य दिलं, मग मोठ्यानं दिलं, मग इतक्या मोठ्यानं दिलं की बाहेरचा चहावाला डोकावून गेला. मानसिंगराव आपले प्रॉम्प्टरकडे बघत उभे.

शंभूराजला वाईट वाटलं होतं, पण त्याला नाटक उभं करायचं होतं. म्हणाला, "काका, तुम्ही पहिल्या रांगेत बसा. शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. सुभेदार मी करतो."

मानसिंगरावांना शब्द ऐकू आले नाहीत, चेहरा मात्र वाचता आला. त्यांनी सुभेदाराचा फेटा काढून खुर्चीवर ठेवला.

तेव्हा मागून अर्जुना बोलला. "सत्कार मागनं करा. त्यांला ऐकू येत न्हाई, दिसतंय न्हवं? उद्याच्या तालमीला मी त्यांला वाक्य दाखवतो. न्हाई जमलं तर मग तू कर सुभेदार."

शंभूराजनं एका तालमीची मुभा दिली.

अर्जुनाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरच अक्षताचा कॉम्प्युटरचा क्लास होता. मोठी धिटाईची मुलगी. पुण्याच्या भावानं वापरून झालेला लॅपटॉप तिला दिला होता, दप्तराएवढा जाड. अर्जुनाची कल्पना अशी, की तिसरा अंक, म्हणजे सुभेदाराचा सगळा भाग, मोठ्या अक्षरात टाइप करायचा. लॅपटॉप घेऊन अक्षता विंगेत बसेल. क्लासमधला एक मॉनिटर रंगमंचाच्या कडेला लाकडी पेटीत, पूर्वी पायदिवे असायचे तिथं, नटाकडे तोंड करून ठेवायचा. ती पान उलटेल तसं मानसिंगरावांना समोर दिसेल. अक्षतानं क्लासमध्ये जोडून दाखवलं, तर लॅपटॉपच्या आणि मॉनिटरच्या दोन्ही पडद्यांवर तीच वाक्यं. अर्जुनानं टाळी वाजवली.

अडचण एकच होती. मॉनिटरची वायर हातभर, आणि विंगेपासून पेटी चांगली लांब. अक्षता जेवायला घरी गेली. दुपारी मी तिच्याबरोबर क्लासमध्ये आले तेव्हा अर्जुनानं मॉनिटरची वायर मधोमध कापून तिला भलीमोठी शेपटी जोडली होती.

अक्षता दारातच थबकली. "अर्जुनाकाका! अहो, काय केलंत हे?"

"वाढीवली. आता जाईल विंगेपातूर."

"ही स्पीकरची वायर आहे का? न विचारता कापलीत?"

"तुमी जेवाय गेलावता, मॅडम. लाव की, बघ."

तिनं लावली. लॅपटॉप सुरू झाला. मॉनिटरचा पडदा काळाच राहिला, खाली नारिंगी दिवा लुकलुकत होता. तिनं दोन बटणं एकदम दाबून पडदा बदलायची खूण केली. काही नाही. बंद करून पुन्हा सुरू केलं. काही नाही.

"बाहेर मॉनिटर आहे हेच ह्याला कळत नाहीये," ती म्हणाली.

मानसिंगराव जिन्यानं वर आले होते, धाप टाकत. "लागला का रं?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. कान गेल्यापासून ते सगळंच मोठ्यानं विचारत. अर्जुनानं हातानं 'थांबा' केलं. ते भिंतीजवळच्या स्टुलावर बसले आणि दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघू लागले.

अक्षतानं राग बाजूला ठेवला आणि कामाला लागली, हे मला तिचं आवडलं. तिनं क्लासमधला दुसरा, धड वायरीचा मॉनिटर लॅपटॉपला लावला. लगेच अक्षरं आली. म्हणजे लॅपटॉप ठीक. मग वायर वाढवलेला मॉनिटर त्या लांब वायरीसकट क्लासच्या मोठ्या कॉम्प्युटरला लावला. तिथं चित्र आलं! अक्षरांना जरा सावली पडत होती, पण वाचता येत होती.

अर्जुना उठून उभाच राहिला. "बघा! वायर चांगली हाय. माझा जोड सुटत न्हाई. तुझ्या त्या दप्तरातच खोट हाय."

"दप्तर आत्ता दुसऱ्या मॉनिटरवर चाललं की, काका."

"मग हा मोठाच कॉम्प्युटर न्यू विंगेत."

"ह्याला एकच पडदा जोडता येतो. तो मानसिंगकाकांसमोर ठेवला तर मी आंधळ्यासारखी पानं कशी उलटू?"

अर्जुनानं बॅटरी आणि छोटा बल्ब काढला आणि एकेक जोड तपासला. वायरीच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला बल्ब. दर वेळी बल्ब लागला. दर वेळी तो अक्षताकडे बघायचा, आणि ती पुढच्या तारेकडे बोट दाखवायची. तारा संपल्या.

अक्षता कापलेल्या जागेवर वाकली. टेप थोडी उलगडली. "काका, ह्या बारीक तारा कुठल्या? ह्या नुसत्याच दुमडल्यात."

"त्या? केसासारख्या हुत्या. जाड हुत्या त्या समद्या जोडल्या. असल्यातनं करंट काय जाणार, डोंबल? स्पीकरला दोनच लागत्यात, हितं तर मी किती जोडल्या बघ."

अक्षता खाली बसली. आता तिचा आवाज शांत होता. "चित्र जाड तारांतून जातं, काका. बारीक तारांतून मॉनिटर फक्त सांगतो, की मी इथं आहे, मी अमुक. मोठ्या कॉम्प्युटरला त्याची फिकीर नाही, तो समोर कोणी असो-नसो चित्र पाठवतो. हा लॅपटॉप मात्र तेवढं कळल्याशिवाय बाहेर काही धाडतच नाही."

अर्जुनानं दुमडलेली एक तार बोटानं सरळ केली. मग माझ्याकडे वळला.

"मनुबाई, म्हंजे विंगेत खाकरायचं तसं?"

"अगदी तसं," मी म्हटलं.

"आणि मी खाकरणंच कापलं व्हय!"

तो हसला नाही. खाली दुकानात गेला, टेलिफोनच्या वायरीचं भेंडोळं घेऊन आला. त्या तारांना दात लावायची त्याची हिंमत झाली नाही. अक्षतानं ब्लेड दिलं. ती रंग वाचून दाखवायची, तो जोडायचा आणि कथलाचा डाग द्यायचा. रांगेतल्या एका तारेला त्यानं चुकीची जोडी लावली आणि स्वतःलाच आईवरून शिवी घातली. मानसिंगरावांना ती बरोबर कळली. "पोरीसमोर बोलतोस?" ते गरजले.

लॅपटॉप पुन्हा सुरू केला. नारिंगी दिवा हिरवा झाला. काळ्या काचेवर सुभेदाराचं पहिलं वाक्य उमटलं, आणि आमच्यापैकी कुणी काही म्हणायच्या आधी स्टुलावरून ते वाक्य सुभेदाराच्या आवाजात आलं. खालच्या रस्त्यावर ऐकू गेलं असणार.

दुसऱ्या दिवशी तालीम झाली. शंभूराजनं खुर्चीवरचा फेटा उचलला आणि स्वतःच्या हातानं मानसिंगरावांच्या डोक्यावर ठेवला. एवढंच.

प्रयोगाच्या दिवशी मी तिसऱ्या अंकात दिवा लावत होते. मागं विंगेत खाकरणं झालं. कान गेल्यापासून त्यांना स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहिला नव्हता. ते खाकरणं बहुतेक शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं, दोन-चार जण हसलेही. मी वळले. मानसिंगराव आले, पेटीकडे एकदा नजर टाकली आणि सुटले. मध्ये तर इतके पुढं धावले की विंगेत अक्षता बटणं दाबून दाबून त्यांना गाठत होती. नाटकातल्या आमच्या मुलाचा निरोप सांगायच्या जागी मात्र अडले. पहिल्या तालमीत अडले होते, तीच जागा. त्यांनी मान खाली घातली. बघणाऱ्यांना वाटलं, बापाला हुंदका आला. मला त्यांच्या हनुवटीवर पेटीतला उजेड दिसत होता. त्यांनी वाक्य वाचलं, मान वर केली आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हटलं.

पडदा पडला. आम्ही रंग पुसायला बसलो आणि दारात अर्जुना येऊन उभा राहिला. सवयीनं तोंड उघडलं, मग मिटलं. मानसिंगरावांकडे बघून त्यानं आपल्या डोळ्याला बोट लावलं आणि भुवया उंचावल्या. दिसलं का?

मानसिंगराव फेटा सोडता सोडता गरजले, "ऐकू आलं रं गड्या, समदं ऐकू आलं!"

अर्जुना वायर गुंडाळायला गेला.