दत्ताची तिसरी तार

आयुष्यात पहिल्यांदाच मी गिटार न घेता गिटार वाजवायला निघालो होतो. पिशवीत दोन माइक, रेकॉर्डर, वायरींचं भेंडोळं आणि डोकेदुखीच्या गोळ्या. बायको म्हणाली, "नवरदेव घरी आणि वरात पुढे, अशी गत आहे तुमची." एरवी मी हसलो असतो. पण गिटार पुढे होती, भोकरच्या अलीकडच्या एका गावात, आणि ती वाजवणारा माझा मित्र दत्ता गेल्या पावसाळ्यात छातीत कळ येऊन गेला. वय काय, तर चाळिशी नुकतीच ओलांडलेली.

मी पुण्यात एकट्याने गिटार वाजवणाऱ्यांची रेकॉर्डिंग करतो, स्वतःही वाजवतो. दत्ता नांदेडला वीज खात्यात लाईनमन होता. दिवसभर खांबावर आणि संध्याकाळी गिटारवर. त्याला हवाई बेटांवरच्या एका पद्धतीचं वेड लागलं होतं. आपल्याकडे हवाईयन गिटार म्हटलं की मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडी फिरवतात ती आठवते. ही ती नव्हे. ही साधीच गिटार, पण काही तारा नेहमीपेक्षा सैल सोडायच्या, म्हणजे नुसत्या उघड्या छेडल्या तरी सूर जुळून येतो. अंगठा खाली खर्ज धरतो, बाकीची बोटं वर चाल वाजवतात. वाजवणारा एक, ऐकणाऱ्याला वाटतं दोघं आहेत. दत्ता म्हणायचा, "तार लई ताणून बांधली की थंडीत तुटती बघा. थोडा झोल ठेवावाच लागतो." हे तो विजेच्या तारेबद्दल बोलतोय की गिटारच्या, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

तिकडच्या जुन्या घरांमध्ये म्हणे कुठली तार किती सोडायची हे बाहेर सांगत नसत. वाजवून झालं की सगळ्या तारा उतरवून ठेवायचे, शेजाऱ्याला पत्ता लागू नये म्हणून. दत्ताला ही गोष्ट फार आवडायची. मी नांदेडला गेलो की तो त्याची रोज दिवेलागणीला वाजवायची चाल ऐकवायचा, लगेच खुंट्या पिळून टाकायचा आणि गिटार माझ्या हातात देऊन म्हणायचा, "हां, आता वळखा." मी त्याची बाकी सगळी गाणी रेकॉर्ड केली. ही एक मात्र "अजून पिकायची हाय" म्हणून त्याने करू दिली नाही.

उन्हाळा लागता लागता त्याच्या बायकोचा, रेखावहिनींचा, लातूरहून फोन आला. "भाऊजी, त्यांची सगळी गाणी तुमच्याकडं हायत. तेवढी संध्याकाळची न्हाई. मला तेवढीच पायजे." चाल माझ्या कानात होती, बोटं कुठे पडतात तेही पाहिलेलं होतं, फक्त तारा कशा लावल्यात ते माहीत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "त्या दिवशी वाजवून पलंगावर ठेवली तशीच बापूंनी, माझ्या सासऱ्यांनी, गावाकडं नेली. कोणी हात लावला नसंल." म्हणजे दत्ताचं गुपित त्याच्या गिटारवरच होतं. जायचं आणि बघायचं, एवढंच काम.

नांदेडला सकाळी उतरलो. स्टेशनबाहेर चहा घेतला आणि सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन करतात तो नाश्ता) खाल्ली. दत्ता मला दर वेळी इथूनच मोटारसायकलवर घेऊन जायचा. सवयीने मी दोनदा मागे वळून पाहिलं. मग निमूटपणे भोकरची एसटी पकडली. बारडच्या आसपास केळीच्या बागा हिरव्यागार, बाकी रान उन्हात करपलेलं. रस्त्याकडेचे खांब मागे पळत होते आणि मी प्रत्येकाकडे बघत होतो. यातल्या कुठल्या खांबावर तो चढला असेल, काय सांगावं.

दत्ताचे वडील, बापू, फाट्यावर उन्हात उभे होते. डोक्याला पंचा, पायात टायरच्या वहाणा. माझ्याकडे न बघता त्यांनी आधी पिशवी घेतली. "लई वाळलात," एवढंच म्हणाले.

घरी गेल्यावर त्यांनी खुंटीवरून गिटार काढली. जुन्या धोतराची खोळ हाताने शिवलेली होती. लाकूड असं पुसलेलं, की त्यात माझं तोंड दिसलं. आणि सगळ्याच्या सगळ्या तारा ढिल्या होत्या, कपडे वाळत घालायची दोरी लोंबावी तशा.

"बापू, तारा कोणी सोडल्या?"

"म्याच. दहाव्याला." ते माझ्या शेजारी टेकले. "आमच्या भजनात तसंच करून राहिलो आमी. वीणेकरी गेला की वीणा उतरवायची. वाजविणारा न्हाई, मंग वाद्याला ताणात कामून ठिवायचं? त्याचा बी जीव मोकळा करावा म्हनलं."

मला रडू यायला हवं होतं, पण आधी आला तो राग. वाटलं, म्हाताऱ्याने एवढी माया करायला नको होती. धूळ बसू दिली असती, उंदरांनी खोळ कुरतडली असती तरी चाललं असतं. मी नुसताच गिटारकडे बघत राहिलो.

"कामून? चुकलं का माझं?"

बापू आता माझ्या तोंडाकडे बघत होते. "नाही बापू," मी म्हणालो. "रीतच आहे ती. तिकडे हवाईतसुद्धा असंच करतात."

"हाव?" त्यांना बरं वाटलं. "मंग पोराला पटलं असंल."

पटलंच असतं. आता वळखा, म्हणाला असता. अंबाडीची भाजी आणि भाकरी खाऊन उठलो. निघताना बापूंनी खोळीची गाठ स्वतः बांधली. "हितं वाजवू नका, मला ऐकवायचं न्हाई. रेखा पोरीकडं नेऊन द्या, तिच्याकडंच राहू द्या. मला बगवत बी न्हाई अन् झाकून बी ठिववत न्हाई." एसटी सुटेपर्यंत ते खिडकीखाली उभे होते. हात त्यांनी हलवला नाही, मीही नाही.

नांदेडला गाडी बदलून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठलं. गिटार शेजारच्या सीटवर होती. कंडक्टर म्हणाला, "ह्या पाहुण्याचं काय? अर्धं काढायचं का पुरं?" पलीकडच्या आजोबांनी खोळ चाचपून विचारलं, "तंबोरा का?" म्हटलं, तसलंच. "म्हंजे कीर्तनकार तुमी," असं ठरवून त्यांनी मला नमस्कार केला आणि चाकूरला उतरेपर्यंत अदबीने बसले. दत्ताला हे सांगायला हवं, असं माझ्या मनात आलं. अजूनही येतंच मनात, काय करणार.

लातूरला उतरलो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. गाड्यावर निलंगा राईस (इकडचा झणझणीत फोडणीचा भात) खाल्ला आणि पत्ता विचारत निघालो. गल्लोगल्ली क्लास आणि क्लासच्या पोरांची वसतिगृहं. त्यातल्याच एका मुलींच्या वसतिगृहात रेखावहिनी रेक्टर आहेत. पोरबाळ नव्हतं, नांदेडच्या क्वार्टरमध्ये एकटीचं मन लागेना, म्हणून हे काम धरलं. खोली एकच; एका कोपऱ्यात ओटा आणि गॅस, दुसऱ्या कोपऱ्यात पलंग. त्यांनी खोळीवरून हात फिरवला. मी तारांचं सांगितलं. 

"मंग?" त्यांनी विचारलं.

"मंग तुम्हीच," मी म्हणालो. "तुम्ही रोज ऐकलंय. मी तार चढवतो, तुम्ही थांब म्हणा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं नाही, नुसतं आठवायचं."

मुली अंधार पडल्यावर क्लासहून यायच्या होत्या, तेवढाच निवांत वेळ. मी दारा-खिडक्यांना वाकळा लावल्या, कूलर बंद केला, पाण्याची मोटर लावू नका म्हणून वॉचमनला सांगून आलो. गेली कित्येक वर्षं मी हेच करतोय, आवाजाला घराबाहेर काढायचं. दोन मिनिटांत खोलीची भट्टी झाली. वहिनी समोर खुर्चीवर बसल्या आणि मी सगळ्यात जाड तार हळूहळू पिळू लागलो. तारांवर गंज चढला होता, तुटली तर संपलंच. नवा संच मी मुद्दामच आणला नव्हता. तारा त्याच्याच हव्या होत्या.

"न्हाई येत आठवत," त्या म्हणाल्या. डोळे भरून आले होते. मग एकदम उठल्या आणि ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "समोर बसून मी कधी ऐकलंच न्हाई, भाऊजी. हितनं ऐकू द्या."

पाठ फिरवल्यावर काम सुरू झालं. अजून खाली. अजून. हां, एवढीच. मधेच त्या थांबायच्या, चुकायच्या, पुन्हा मागे न्यायला लावायच्या. सहावी लागली, पाचवी, चौथी. वरच्या दोन लागल्या. पाच तारा एकदम छेडल्या तेव्हा त्यांनी ओटा घट्ट धरला. माझ्याही अंगावर काटा आला. खोलीत दत्ता आल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

राहिली तिसरी. ती षड्जावर असेल किंवा त्याच्या अर्धा सूर खाली, निषादावर. या पद्धतीत दोन्ही चालतात आणि चाल दोन्हींवर वाजते. वाजते, पण वेगळी. मी एकदा ही लावली, एकदा ती; माझ्या कानालाही ठरवता येईना.

"दोन्ही त्यांचीच वाटती," वहिनी म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ही तार ते शेवटी लावायचे. तवर माझी भाकरी सुरू झालेली असायची. थापायच्या आवाजात ती मला कधी ऐकूच आली न्हाई."

"मी अंदाजाने लावू?"

"नको. अंदाज नको. ढिलीच राहू द्या."

तिसरी तार खरखरू नये म्हणून मी तिच्याखाली कापडाची पट्टी सरकवली आणि पाच तारांवर चाल वाजवून पाहिली. पडक्या दातांनी बोलावं तशी जागोजागी फट पडत होती. मी थांबलो. वहिनी वळून बघत होत्या. मग त्यांनी पिठाचा डबा काढला.

"भाकऱ्या करू का?" त्यांनी विचारलं. "तुमच्या रेकॉर्डिंगला चालंल का?"

मी हो म्हणालो. एरवी गल्लीत कुत्रं भुंकलं तरी मी सगळं पहिल्यापासून करतो.

परातीत थपथप सुरू झाली. मी बटण दाबलं आणि वाजवू लागलो. अंगठ्याखाली खर्ज, वर चाल, आणि तिसऱ्या तारेची फट यायची तिथे भाकरीचा आवाज. घाम डोळ्यांत उतरत होता. वाजवता वाजवता माझ्या ध्यानात आलं, की वहिनींनी इतकी वर्षं ऐकलं ते हेच, असंच, एका तारेविना. त्यांना यात काहीच कमी नव्हतं. कमी मला होतं, आणि ते आता कायमचं राहणार होतं.

चाल संपली. तवा चुरचुरत होता. वहिनींनी पाठमोऱ्याच, रोजच्या आवाजात हाक दिली, "चला, ताट वाढलंय."

मी बटणाकडे नेलेला हात तसाच ठेवला. त्यांच्या लक्षात आलं. खांदे हलले, पण त्या वळल्या नाहीत. बऱ्याच वेळाने मी म्हणालो, "आलो, वहिनी." जेवलो. भाकरी करपली होती, तीच दोघांनी वाटून खाल्ली.

गिटार लातूरला ठेवून मी पुण्याला परत आलो. पाच तारा लावलेल्या, तिसरी ढिली, आणि तिला कोणी हात लावायचा नाही असं ठरलेलं. बायकोने विचारलं, "झालं का काम?" झालं म्हणालो. दुसऱ्या दिवशी कानाला हेडफोन लावून बसलो. भाकरीचा आवाज ठेवला. तवा ठेवला. मध्ये कुठेतरी रिक्षाचा हॉर्न आलाय, तोही राहू दिला. दत्ताने ही चाल पिकू दिली असती तर कशी झाली असती, हा विचार डोक्यातून जात नाही, आणि तो जाणारही नाही. शेवटी वहिनींची हाक आहे, स्पष्ट. तीही तशीच ठेवली. तिच्यापुढे ती लांबलचक शांतता, आणि मग माझं "आलो".

तेवढं एक मी कापलं. ती हाक मला नव्हती.