परंड्याच्या कोर्टात बोललं कोण?

भुताखेतांना, अंगात येण्याला मी कधी भीक घातली नाही. माहेर तुळजापूरचं असूनसुद्धा! पोलिसाची बायको मी... चोर बघितले, भुतं नाही. हे मात्र माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलं, म्हणून लिहिते.

बहात्तरच्या दुष्काळात आमचे हे परंड्याला कॉन्स्टेबल होते. तेव्हा तालुक्याला बाई पोलीस कुठली? एखादी बाई पकडून आणली की सोबतीला आम्हा बायकांनाच बसवायचे. फुकट, वर चहासुद्धा आमच्याच घरचा!

एकदा एसटी स्टँडवर भटकणारी एक बाई आणली. गुन्हा काही नाही. बोलेना, रडेना. घोट्यांना दोरीचे वळ.

"येडी हाय," हे म्हणाले. "नाव-गाव न्हाय कळलं तर कोर्टातलं साहेब पुण्याला धाडत्यात, येड्यांच्या इस्पितळात."

"आन् मग परत?"

"कोण आणणार? कुणाची म्हणून?"

मी तिच्याजवळ जाऊन बसले. दिवसभर गोडीनं विचारलं, भाकरी भरवली... एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टात तिचा हात धरून उभी राहिले. खिडकीतून नुसता फुफाटा येत होता. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, "नाव काय तुझं?" — आणि माझंच तोंड उघडलं.

"सोजर. माळवाडीची. भाऊ दगडू. त्याला म्हणावं न्यायला ये, पर बांधू नगंस."

आवाज घोगरा, माझा नव्हेच! हे माझ्याकडं बघतच राहिले. साहेबांची मान लिहिण्यात खाली. त्यांना वाटलं, तीच बोलली.

माळवाडीला निरोप गेला. दगडू पळतच आला आणि बहिणीच्या पायाशी बसून ढसाढसा रडला.

"ल्येकरू गेलं तवापासून बोललीच न्हाय वो बाई. सारखी हिरीत उडी घ्यायला पळायची, म्हणून बांधली. नाव कुणी सांगितलं?"

मी सोजरचा हात त्याच्या हातात दिला. सोजर त्याच्याबरोबर घरी गेली.

"तू वळखत हुतीस व्हय तिला?" ह्यांनी रात्री विचारलं.

"देवीची आण, न्हाय!"

पुढं उन्हाळ्यात अशीच दुसरी बाई आणली. तीही गप्प. कोर्टात मी तिचा हात घट्ट धरला, डोळे मिटले, मनात म्हटलं, बोल गं बाई, माझ्या तोंडानं बोल... काही म्हणजे काही झालं नाही. साहेब दोनदा विचारून थांबले. संध्याकाळी तिला पुण्याला नेलं.

सोजरच्या वेळी ते कसं झालं आणि हिच्या वेळी का नाही, कुणाला कळलं तर मला सांगा. त्या बाईचं नाव मला आजही माहीत नाही.