पडद्यावरचा पंचा

घाटकोपरला आमच्या खालच्या मजल्यावर रेडिओ दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहत. यंत्राला हात लावण्याआधी ते घड्याळ काढत, हात धूत आणि म्हणत, "बघू या."

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, आजारपणात सांगितलेल्या आठवणी मी घरच्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांत टाइप केल्या होत्या. हुशारी अशी, की कागदावर काहीच उतरवलं नाही. अण्णा गेले. सगळं त्या जुन्या कॉम्प्युटरच्या एका कॅसेटवर साठवलेलं, आणि तिची टेप झिजत चाललेली. नव्या कॉम्प्युटरला तर फक्त फ्लॉपी चाले.

गृहस्थांनी स्वतः केलेल्या तारेने दोन्ही कॉम्प्युटर जोडले. नव्यावर अक्षरं उमटू लागताच त्यांनी खांद्यावरचा पंचा पडद्यावर टाकला आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले.

"अहो, बरोबर येतंय का बघा की!"

"घरातलं आहे. तुम्ही बघा."

मी जुन्या फोटोग्राफरसारखं पंच्याखाली डोकं घातलं. अण्णा ओळीओळीने येत होते. शेवटी त्यांनी पाणी मागितलं होतं, तेही मी बावळटासारखं टाइप केलं होतं.

"आलं सगळं?" गृहस्थांनी विचारलं.

"आलं," मी कसाबसा म्हणालो.

"पंचा धुतलेला आहे," ते भिंतीकडे बघतच म्हणाले. "तोंड पुसा."