मागं कुणी नको

आमच्या ह्यांनी बत्तीस वर्षं एसटी चालवली. अहमदपूर डेपोत धम्मानंद ड्रायव्हर म्हन्लं की कुणीबी सांगतंय, लई सरळ मानूस. सरळ हायेतच. रस्त्यावर नजर सरळ, अन् घरात आले की सरळ आडवे. रिटायर झाले तवा डेपोतल्या लोकांनी शाल दिली, अन् भाषणात कुणीतरी म्हन्लं, "आता वहिनींना जरा फिरवा." हे मान हलवून हसले. मी बापडी ते खरं धरून बसले.

महिनाभरानं म्हन्ले, "हैदराबादला जाऊन येतो. एक जुनी गाडी बघायलोय." बघायलोय म्हन्ले म्हणजे आधीच ठरवून बसलेले. पंचशीलात बायकोला विचारून गाडी घ्यावी असं कुठं लिहिलेलं न्हाई, त्यामुळं तेवढं एक सोडून बाकी सगळं हे नेमानं पाळतात.

मी गल्लीभर सांगितलं, गाडी यायलीय. आता आपल्याकडं गाडी म्हन्लं की लोकांच्या डोळ्यापुढं सात सीटची पांढरीच येते. देगलूरहून माझी बहीण शांतम्मा लेकी-सुनांसकट येऊन बसली, पहिली चक्कर आपलीच म्हणून. मी फुलं-मेणबत्ती मांडली. शेजारच्या नीलाबाई लिंबू-मिरची घेऊन दारात उभ्या राहिल्या.

अन् गल्लीत शिरली एक लाल, बुटकी, दोन दाराची गाडी. शर्यतीतली असती तशी म्हणे. मला उभ्यानं तिचा टप दिसत होता. पुढं दोन सीटा, मागं भाजीची पिशवी मावंल एवढी जागा. नीलाबाईंनी खालून वर बघितलं, वरून खाली बघितलं, अन् इचारलं, "बाकीची गाडी मागून यायलीय का?"

शांतम्माचं तोंड बारीक झालं. "दाजी, आमी बसायचं कुठं?"

हे फडक्यानं दार पुसत म्हन्ले, "बत्तीस वर्षं मागं साठ-साठ मानसं घेऊन हिंडलो. कुणाला उलटी, कुणाची कोंबडी सुटली, कुणाचं खिडकीवरून भांडण. आता मागं कुणी नको."

सगळे हसले. मला न्हाई आलं हसू. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्यासंगं हिंडले ती ह्यांच्याच एसटीत. उमरीला माहेरी जायचं तर ह्यांची ड्यूटी बघून निघायचं अन् ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचं. समोर पाटी, गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. मी गुणाची, न्हाई बोलले. ह्यांची मान मला तोंडपाठ हाय. कोणत्या वर्षी कोणत्या बाजूनं केस पिकले ते मी मागून सांगते. वाटलं होतं, आता एकदा शेजारी बसून जाऊ. तर म्हणे मागं कुणी नको. अहो, बत्तीस वर्षं मागं बसणारी पहिली मीच की!

राग आला, अन् रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. पाव्हणे गेल्यावर सरळ सांगितलं, "येत्या पौर्णिमेच्या आत ही गाडी इकायची. न्हाई तर मी उमरीला जाऊन ऱ्हाते. अन् तवर हिच्यात पाय ठेवणार न्हाई."

"बरं," म्हन्ले. ह्या मानसाला भांडायचंसुद्धा येत न्हाई.

मग सुरू झाला तो शर्यतीचा संसार. आमच्या रस्त्यावरच्या गतिरोधकांनी गाडीचं पोट खरवडून काढलं. प्रत्येक गतिरोधकाला हे गाडी तिरकी घालायचे, म्हातारी मांडी घालून बसायली असं वाटायचं. अन् सवय ती कुठं जाते! फाटा आला की पाय आपोआप ब्रेकवर. हे थांबले की फाट्यावरचे आठ-दहा जण पिशव्या उचलून पळत यायचे, आत वाकून बघायचे, अन् आमच्या खानदानाचा उद्धार करून परत जायचे. हे आपले मान हलवून पुढच्या फाट्याला पुन्हा हजर.

माझा भाऊ मारोती एकदा लातूरपस्तोर गेला ह्यांच्यासंगं. आल्यावर मला बाजूला घेऊन म्हन्ला, "अक्का, दाजींला डॉक्टरला दाखवा. गाडी चालू करतात अन् नुसते बसून राहतात. चला म्हन्लं तरी हलंना गेलेत. मग एकदम दचकतात अन् निघतात."

त्याला काय कळतंय! एसटीत कंडक्टरनं दोनदा घंटी मारल्याबिगर ड्रायव्हर गाडी हलवत न्हाई. बत्तीस वर्षं दोन घंट्यांवर जगलेला मानूस, घंटीची वाट बघत बसायचा. मला हसू आलं, अन् कीवबी आली. पण मी हट्ट सोडला न्हाई. पौर्णिमा जवळ आलती.

देगलूरचा व्यंकटी म्हणून एक जण गाडी घ्यायला तयार झाला. ह्यांनी सकाळी गाडी धुतली, काच पुसली, पुसलेली पुन्हा पुसली. म्हन्ले, "देऊन एसटीनं परत येतो."

"मीबी येते," मी म्हन्लं. "तुमचा भरवसा न्हाई, मुखेडातून माघारी आणाल."

बसायचं म्हन्जे एक सर्कसच. आधी कंबर, मग डोकं, मग एक गुडघा हातानं उचलून आत. नीलाबाईंनी बाहेरून ढकलून दार लावलं. उतरायचं कसं ते देगलूरला बघू, असं ठरवलं.

ह्यांनी गाडी चालू केली अन् बसून राहिले. मी वळून बघितलं. गाडीवर बसल्यावर ह्यांचं तोंड कसं दिसतं ते मी जन्मात पहिल्यांदा बघायलते. डोळ्यात पाणी होतं. लाल गाडीसाठी!

मग मला राहवलं न्हाई. "एवढी जीव की प्राण हाय तर इकता कशाला? मागं कुणी नको म्हणून घेतलीय न्हाई का? मीच नको होते, मग मी म्हन्लं म्हणून का इकायलाव?"

हे स्टिअरिंगवरची नजर न हलवता म्हन्ले, "मागं कुणी नको म्हन्लो, विशाखा. शेजारी कुणी नको असं कवा म्हन्लो? तिसरी सीट असती तर तिच्यावर शांतम्मा बसली असती. म्हणून दोनच सीटची हुडकली. अन् तूच बसंना गेलीस."

बत्तीस वर्षांत एका दमात एवढं बोलले न्हवते. अन् हे आदल्या महिन्यात बोलायला काय झालं होतं? तिथं कोणती पाटी होती?

गाडी चालूच होती, अन् हे बसलेलेच. मी बांगड्या मागं सारल्या अन् बोटाच्या पेरानं काचेवर दोनदा वाजवलं. गाडी निघाली.

"देगलूर न्हाई," मी म्हन्लं. "उमरी."

वाटेतल्या लोह्यापस्तोर मी बोलतच होते. ह्यांनी दर फाट्याला गाडी थांबवली, अन् दर फाट्याला मी दोनदा वाजवलं. व्यंकटीचा फोन आला तो मीच घेतला. सांगितलं, गाडी फुल्ल हाय.