तपासणीच्या दिवशी घरी राहिलेली मुलगी

वाचनाचं उद्दिष्ट न गाठलेल्या शाळांची यादी निघाली की त्यातल्या दोन-तीन शाळा माझ्या वाट्याला येतात. मी साधन व्यक्ती आहे. आठवड्यातून दोनदा शाळेत जायचं, मागे पडलेल्या मुलांबरोबर सतरंजीवर बसायचं, वाचून घ्यायचं आणि भिंतीवरच्या तक्त्यात प्रत्येकाचा स्तर भरायचा: अक्षर, शब्द, वाक्य, उतारा. काम मला मनापासून आवडतं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि ते गावच्या शिक्षकांमुळेच.

दोन वर्षांपूर्वी हुडकेश्वरच्या पलीकडची एक लहान शाळा माझ्याकडे होती. तिसरीत मोजकी मुलं, बहुतेक बांधकामावर राबणाऱ्यांची. मला पाहताच मुख्याध्यापिका बाई म्हणायच्या, "आल्या का मॅडम? तुमचा तक्ता पाहिला का माझं बीपी वाढते." पण रोज तक्त्यासमोर उभ्या राहायच्या त्याच.

त्या वर्गात एक मुलगी लहान भावाला कडेवर घेऊन यायची. आली तेव्हा तिला अक्षरंही पुरती येत नव्हती. दिवाळीनंतर ती शब्दांवर आली, मग वाक्यांवर. आई घरी आणायची त्या सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवरचं वाचायला लागली. पोरं तिला पोतेवाली म्हणायची. ती म्हणायची, "तुले तं पोतंही नाही वाचता येत."

मग तपासणी ठरली. दुसऱ्या विभागाचं पथक येऊन प्रत्येक मुलाकडून उतारा वाचून घेणार होतं. वर्ग एवढा लहान की एक मूल अडखळलं तरी उद्दिष्ट हुकणार. ती आठ ओळींचा उतारा पूर्ण वाचायची, पण सहाव्या ओळीत थांबायची, बोट मागे न्यायची, पुन्हा सुरू करायची. पथक एवढं थांबत नाही.

आदल्या दिवशी बाईंनी हळूच विचारलं, तिचं काय करायचं? त्यांचं निवृत्तीचं वर्ष होतं. त्यांना शाळा यादीतून निघालेली पाहायची होती. गैरहजर मूल मोजणीत येत नाही, हे दोघींनाही माहीत होतं. तिला घरी ठेवायचं मी सुचवलं, त्यांनी नाही.

शाळा सुटताना मी तिच्या आईला गाठलं. उद्या पाहुणे येणार आहेत, लहानग्याची अडचण होईल, तिला पाठवू नका म्हटलं.

"काहून मॅडम? चार दिवसांपासून तेच वाचून राहिली ते. याले मी नेतो कामावर. ते येईन शाळेत."

आता खरं सांगावं लागलं. तिचं वाचन अजून कच्चं आहे, मी म्हणाले. मुलगी बाजूलाच उभी होती. आई तिला म्हणाली, "चाल वं."

चौथीत असताना तपासणीला आलेल्या साहेबांसमोर मीही वाचताना अडले होते. गुरुजी माझ्याशेजारी येऊन उभे राहिले, आणि साहेबांनाही थांबावं लागलं. हे मला त्या संध्याकाळी आठवलं. तरी मी परत जाऊन तिच्या आईला, उद्या पाठवा तिला, असं सांगितलं नाही.

शाळेनं उद्दिष्ट गाठलं. बाईंनी पेढे वाटले.

पुढच्या भेटीत ती सतरंजीवर आली नाही. दाराशी भावाला घेऊन बसली होती. मी उतारा तिच्यापुढे धरला.

"मले नाही येत, मॅडम."

येतं तुला, मी म्हणाले. तिनं कागदाकडे पाहिलंही नाही.

"माह्यं कच्चं हाये."

पोरांपैकी कोणी चिडवलं नाही.

उद्दिष्ट गाठलेल्या शाळेतल्या भेटी बंद होतात. मी आणखी महिनाभर मागितला. आमचे साहेब वाईट नाहीत. ते म्हणाले, बाकी शाळा तुमची वाट पाहताहेत. आणि ते खरंच होतं. मी माझ्या सुट्टीच्या शनिवारी दोनदा तिथे गेले. पहिल्यांदा ती भावाला घेऊन माझ्यापासून लांब लांब राहिली. दुसऱ्यांदा गेले तेव्हा इमारतीचं काम संपलं होतं आणि ते कुटुंब निघून गेलं होतं. कुठे, ते बाईंनाही ठाऊक नव्हतं. दाखला न्यायलाही कोणी आलं नव्हतं.

बाईंनी कपाटातून नोंदवही काढून दिली. तपासणीच्या रकान्यात तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं होतं. ती आठही ओळी वाचायची, हे त्या वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.