नलिनीला यानातून का उतरवलं?

मंडळींनो, आपल्या श्रोता मंडळाच्या या फिरत्या वहीत आज मी मनातला राग लिहिते आहे.

रविवारच्या रेडिओ नाटकात दोन वर्षं अंतराळयानाचं इंजिन सांभाळणाऱ्या नलिनीला या वेळी लग्न ठरलं म्हणून पृथ्वीवर परत पाठवलं. मी लगेच रेडिओ केंद्राला निषेधाचं पत्र लिहिलं.

पेटीत टाकायला म्हणून ते आज शाळेत नेलं, तर मधल्या सुट्टीत आमच्या हेडमास्तरांनी ते वाचलं. "बाई, शिकलेल्या तुम्ही. खोट्या यानापायी भांडता?" असं म्हणून ते हसले. बाकीचे शिक्षकही हसले. मी पत्र पिशवीत टाकलं. फाडून टाकावं असंच वाटत होतं.

संध्याकाळी शेजारची पारूबाई दुष्काळी कामावर खडी फोडून आली. दर रविवारी ती आमच्या ओट्यावर बसून हे नाटक ऐकते. तिला पत्र वाचून दाखवलं.

"माझा बी अंगठा घ्या," ती म्हणाली. "हप्ताभर दगड फोडते अन् रविवारी तिच्यासंगं वर जाते. तिला उतरवली म्हंजी मला बी उतरवली की."

मग आम्ही दोघी मिरजगावच्या आमच्या आळीत घरोघर फिरलो. आम्हा दोघींचं धरून सहा सह्या आणि पाच अंगठे जमले. पत्र आत्ताच पेटीत टाकून आले. उद्या हेडमास्तरांना तसं सांगणारही आहे.

नाटक खोटं आहे, हे आम्हा अकराही जणींना ठाऊक आहे. पण यानात बाई नको, असं ठरवणारा माणूस तर खरा आहे. त्याला तुम्ही कधी लिहिणार?